राजपुत्र तोच, कारागीर नवे

'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ ज्या पिढीने शाळा-महाविद्यालयांच्या संगणक कक्षात शिक्षकांची नजर चुकवून खेळला, त्या पिढीला जानेवारी २०२६ मधील एक बातमी चटका लावून गेली असेल. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने आपल्या कारभाराची व्यापक पुनर्रचना जाहीर करताना सहा खेळांचे काम कायमचे थांबविले. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या गाजलेल्या खेळाची नव्याने घडविली जाणारी आवृत्ती त्यांपैकी एक होती. ती २०२० मध्ये जाहीर झाली, तेव्हा तिची जबाबदारी पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे होती. २०२२ मध्ये काम कॅनडातील मॉन्ट्रियलला गेले आणि तेथेही ते पूर्णत्वास पोहोचले नाही.

अमरावती-अकोल्याहून दरवर्षी संगणक अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्याची वाट धरणाऱ्या तरुणांसाठी हा घटनाक्रम दूरदेशीची बातमी नाही. एखादा खेळ एका निर्मात्याकडून दुसऱ्याकडे जातो म्हणजे नेमके काय जाते, काय मागे राहते आणि हक्क कोणाच्या हाती उरतो, हे प्रश्न त्यांच्या उद्याच्या उपजीविकेशी निगडित आहेत.

नाव कोणाचे, काम कोणाचे?

व्हिडिओ गेमच्या व्यवसायात तीन भूमिका वेगळ्या ओळखाव्या लागतात. पहिला असतो हक्कधारक. खेळाचे नाव, पात्रे आणि कथाविश्व यांवर त्याची मालकी असते. दुसरा प्रकाशक, तो भांडवल घालतो, जाहिरात करतो आणि विक्री सांभाळतो. तिसरा निर्माता स्टुडिओ. आज्ञावली लिहिणे, चित्रे व हालचाली घडविणे, ध्वनी जोडणे आणि चुका शोधून दुरुस्त करणे ही सारी मेहनत त्याची. काही वेळा या तिन्ही भूमिका एकाच कंपनीकडे असतात. बहुधा मात्र त्या विभागलेल्या असतात आणि त्यामुळेच नाव तेच ठेवून कारागीर बदलणे शक्य होते.

वऱ्हाडच्या वाचकाला हे समजण्यासाठी गाविलगड किंवा नरनाळ्याकडे पाहणे पुरेसे आहे. मेळघाटच्या डोंगरातील गाविलगड १५ व्या शतकात बहमनी सुलतान अहमदशहा वली याने बांधविला. पुढे इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क याने त्याची डागडुजी केली. त्यानंतर निजामशाही, मोगल, नागपूरकर भोसले अशी सत्तांतरे होत १५ डिसेंबर १८०३ रोजी तो इंग्रजांनी जिंकला. अकोला जिल्ह्यातील नरनाळ्याचीही गोष्ट अशीच. किल्ला जुना, त्याचा नक्षीदार महाकाली दरवाजा मात्र १५ व्या शतकाच्या अखेरचा. प्रत्येक नव्या धन्याने काही भिंती राखल्या, काही नव्याने उभारल्या आणि नाव तेच चालू ठेवले. खेळांच्या मालिकांचेही साधारण असेच घडते. फरक इतकाच की, तेथे शतकांचे काम दहा-पंधरा वर्षांत उरकते.

एका तरुणाचा राजपुत्र

'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा जनक जॉर्डन मेकनर हा १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे जन्मलेला अमेरिकन. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्याने 'कराटेका' हा खेळ तयार केला आणि तो १९८४ मध्ये ब्रॉडरबंड या कंपनीने प्रकाशित केला. त्यानंतर त्याने अरबी सुरस कथांच्या वातावरणातील एका तरुणाची कल्पना हाती घेतली. आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला धावायला, उड्या मारायला आणि कठड्यावर चढायला लावून त्याने चित्रफीत घेतली. त्या चित्रफितीतील एकेक चौकट संगणकावर उतरवून त्याने नायकाच्या हालचाली घडविल्या. तलवारबाजीसाठी १९३८ च्या 'रॉबिन हूड' चित्रपटातील द्वंद्वयुद्धाचा आधार घेतला. खेळाचे संगीत त्याच्या वडिलांचे.

ॲपल-२ या संगणकाची स्मरणशक्ती इतकी तोकडी होती की, नायकाला तुल्यबळ प्रतिस्पर्धी देण्यासाठी नवी चित्रे साठविण्यास जागाच उरली नव्हती. तेव्हा नायकाचीच चित्रे आज्ञावलीच्या युक्तीने वेगळ्या रूपात दाखवून मेकनरने त्याची सावली हेच पात्र निर्माण केले. अडचणीतून सुचलेली ही सावली पुढे मालिकेची ओळख ठरली. साठ मिनिटांच्या आत तळघरातून वर येऊन दुष्ट वजीर जाफर याच्या तावडीतून राजकन्येची सुटका करायची, एवढीच कथा. १९८९ मध्ये खेळ आला तेव्हा ॲपल-२ चा काळ सरत आला होता आणि विक्री यथातथाच झाली. पुढे डॉस प्रणालीवरील आणि इतर यंत्रांवरील आवृत्त्या आल्यावर मात्र तो जगभर पोहोचला. भारतातील अनेकांचा संगणकाशी पहिला आनंददायी परिचय याच खेळाने करून दिला.

मराठी वाचकाला या खेळातील जग अगदीच परके वाटले नाही, त्यालाही कारण आहे. वजीर, शहजादा, खंजीर, बुरूज, दरवाजा हे शब्द फारसीच्या वाटेने मराठीत येऊन कधीच घरचे झाले आहेत. ज्या वऱ्हाडची राजधानी एकेकाळी अचलपूर होती, तेथे तर फारसी ही दरबारची भाषा होती.

या टप्प्यावर एक तपशील महत्त्वाचा आहे. मेकनरने खेळ ब्रॉडरबंडसाठी केला, परंतु त्याचे मूळ हक्क स्वतःकडे राखले. पुढील साडेतीन दशकांचा इतिहास या एका निर्णयाभोवती फिरतो.

दोन हस्तांतरे, दोन परिणाम

मालिकेचा दुसरा भाग 'द शॅडो अँड द फ्लेम' १९९३ मध्ये आला. तिसरा भाग 'प्रिन्स ऑफ पर्शिया ३डी' १९९९ मध्ये रेड ऑर्ब या ब्रॉडरबंडच्या शाखेने तयार केला. त्या काळी सर्वच खेळांना त्रिमितीचे वेध लागले होते. सपाट पडद्यावर नेमकी वाटणारी राजपुत्राची उडी त्रिमितीच्या अवकाशात चाचपडू लागली. त्याच सुमारास प्रकाशक कंपनीची विक्री आणि विलीनीकरण सुरू होते. अपुऱ्या तयारीने बाजारात आलेला हा खेळ दोषांनी भरलेला होता आणि तो अपयशी ठरला.

२००१ मध्ये युबीसॉफ्टने जुन्या प्रकाशकाकडील खेळांची यादी विकत घेतली. तथापि, राजपुत्राचे हक्क मेकनरकडे असल्याने त्याच्याशी स्वतंत्र बोलणी करणे भाग पडले. तो केवळ परवाना देऊन थांबला नाही, तर मॉन्ट्रियलच्या चमूत लेखक म्हणून सामील झाला. २००३ च्या अखेरीस आलेल्या 'द सँड्स ऑफ टाइम'ने मालिकेला नवा जन्म दिला. भिंतीवरून धावणारा नायक आणि चूक झाल्यास काळ मागे फिरविणारा खंजीर या दोन कल्पनांनी खेळाडूंना वेड लावले. पहिल्या खेळात चूक म्हणजे मृत्यू होता. येथे चूक सुधारण्याची मुभा मिळाली, मात्र मोजकीच. जुन्या खेळाचा ताण कायम ठेवून त्याची शिक्षा सौम्य करण्याचे हे कसब नव्या कारागिरांचे.

यानंतर 'वॉरियर विदिन' २००४ मध्ये आणि 'द टू थ्रोन्स' २००५ मध्ये आले. यांपैकी पहिल्यात मेकनरचा सहभाग नव्हता आणि त्याचा सूर बराच उग्र झाला. मॉन्ट्रियलमध्येच पुढे राजपुत्राच्या नव्या खेळासाठी एक कल्पना पुढे आली. तीत नायक राजपुत्र नसून त्याचा रक्षक मारेकरी होता. नावाच्या चौकटीत न बसणारी ती कल्पना अखेर 'असॅसिन्स क्रीड' या स्वतंत्र नावाने २००७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि युबीसॉफ्टची सर्वांत मोठी मालिका बनली. राजपुत्र हळूहळू बाजूला पडला. २००८ आणि २०१० मध्ये आणखी दोन प्रमुख खेळ आले, २०१० मध्ये डिस्नेचा चित्रपटही आला. त्यानंतर बराच काळ या मालिकेचा मोठा खेळ झाला नाही.

पुण्याकडे आलेली जबाबदारी

युबीसॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ मूळचा गेमलॉफ्ट या कंपनीचा. तो २००८ मध्ये युबीसॉफ्टकडे आला. अनेक वर्षे तेथे खेळांची तपासणी, एका यंत्रावरचा खेळ दुसऱ्या यंत्रावर आणणे, 'जस्ट डान्स'सारख्या मालिकांच्या आवृत्त्यांना हातभार लावणे अशी कामे चालली. ही कामे कौशल्याची असली, तरी ती दुसऱ्याच्या आराखड्यानुसार करायची असतात. २०१८ मध्ये मुंबईतही युबीसॉफ्टचा स्टुडिओ सुरू झाला.

१० सप्टेंबर २०२० रोजी 'द सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबई मिळून घडवीत असल्याचे जाहीर झाले, तेव्हा भारतीय गेमिंग क्षेत्रात आनंद व्यक्त झाला तो म्हणूनच. साहाय्यकाची भूमिका सोडून भारतीय चमू प्रथमच एवढ्या मोठ्या नावाचे नेतृत्व करीत होते. योगायोग असा की, मूळ खेळाची कथा भारतातच सुरू होते. राजपुत्र आपल्या वडिलांच्या सैन्यासह एका महाराजाच्या राजवाड्यावर चाल करून जातो, तेथे त्याला काळाचा खंजीर सापडतो आणि पुढे त्याची सोबत करणारी फराह ही त्या महाराजाची कन्या. फ्रेंच कंपनीने कॅनडात रचलेली इराणी राजपुत्राची भारतातून सुरू होणारी कथा महाराष्ट्रात पुन्हा घडविली जाणार होती.

प्रकाशनाची तारीख २१ जानेवारी २०२१ ठरली. किंमत ४० डॉलर, म्हणजे त्या काळच्या मोठ्या खेळांच्या ६० डॉलरच्या तुलनेत कमी ठेवण्यात आली. परंतु पहिली झलक दाखविताच पात्रांचे चेहरे आणि प्रकाशयोजना जुनाट असल्याची टीका जगभरातून झाली. तारीख आधी मार्च २०२१ वर ढकलली गेली आणि फेब्रुवारीत ती अनिश्चित काळासाठी पुढे गेली.

येथे जुन्या खेळाच्या नव्या आवृत्तीचे दोन प्रकार लक्षात घेतले पाहिजेत. एकात मूळ आज्ञावली ठेवून केवळ चित्रे स्पष्ट केली जातात. हे घराला रंग देण्यासारखे. दुसऱ्यात सारे काही नव्याने बांधले जाते. हे जुना नकाशा समोर ठेवून नवे घर उभारण्यासारखे. पुण्याला मिळालेले काम दुसऱ्या प्रकारचे होते, पण जाहीर झालेली मुदत आणि किंमत पाहून अनेकांचा समज पहिल्या प्रकाराचा होत होता. शिवाय २०२० हे वर्ष टाळेबंदीचे होते आणि कर्मचारी घरून काम करीत होते.

काम पुन्हा मॉन्ट्रियलला

मे २०२२ मध्ये युबीसॉफ्टने जाहीर केले की, पुणे-मुंबईने केलेल्या कामाच्या पायावर यापुढील काम मॉन्ट्रियलचा स्टुडिओ करील. त्याच वर्षी ग्राहकांची आगाऊ नोंदणी रद्द करून पैसे परत करण्यात आले. २०२३ मध्ये काम अद्याप प्राथमिक टप्प्यावर असल्याचे कंपनीने सांगितले. यावरून जुन्या कामाचा फारसा भाग नव्या कारागिरांना उपयोगी पडला नसावा, असा तर्क अनेकांनी केला. २०२४ मध्ये प्रकाशनासाठी २०२६ हे वर्ष जाहीर झाले आणि तेच वर्ष उजाडताच प्रकल्प रद्द झाला.

ज्या स्टुडिओने मूळ खेळ घडविला, त्याच्याच हाती काम परत जाऊनही ते तडीस गेले नाही, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. पुण्याच्या चमूची कुवत कमी पडली, असा सरधोपट निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही. अपेक्षा, मुदत आणि खर्च यांचा मेळ प्रारंभीच बसला नाही, तर कारागीर बदलूनही तो बसत नाही.

दरम्यान राजपुत्राच्या नावाने इतरत्र चांगले काम झाले. फ्रान्समधील माँपेलिये येथील स्टुडिओने जानेवारी २०२४ मध्ये 'द लॉस्ट क्राउन' आणला. नायक सारगॉन हा राजपुत्र नसून योद्धा होता आणि मालिकेत प्रथमच फारसी संवाद ऐकू आले. समीक्षकांनी त्याची प्रशंसा केली. तरीही त्याच वर्षी त्या चमूतील सदस्यांना इतर प्रकल्पांकडे वळविण्यात आले. एव्हिल एम्पायर या दुसऱ्या फ्रेंच स्टुडिओचा 'द रोग प्रिन्स ऑफ पर्शिया' २०२४ मध्ये प्राथमिक स्वरूपात आणि २०२५ मध्ये पूर्ण स्वरूपात उपलब्ध झाला.

इतर मालिकांचा अनुभव

नवा निर्माता म्हणजे ऱ्हास, हे समीकरण सर्वत्र लागू पडत नाही. 'टूम रेडर' ही मालिका इंग्लंडमधील कोअर डिझाइनने सुरू केली. २००३ चा भाग फसल्यावर ती अमेरिकेतील क्रिस्टल डायनॅमिक्सकडे गेली आणि २००६ च्या 'लेजंड'पासून सावरली. 'फॉलआउट' इंटरप्लेकडून बेथेस्डाकडे गेला आणि २००८ च्या तिसऱ्या भागाने त्याला कितीतरी मोठा खेळाडूवर्ग मिळाला, जरी जुन्या चाहत्यांना त्याचे बदललेले रूप रुचले नाही. 'हेलो' ही मालिका बंगी स्टुडिओ मायक्रोसॉफ्टपासून वेगळा झाल्यावर ३४३ इंडस्ट्रीजकडे आली. तिच्याविषयीचा वाद अजून मिटलेला नाही.

याउलट उदाहरण 'हिटमॅन'चे. डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्ह या स्टुडिओने २०१७ मध्ये मालक कंपनीपासून स्वतंत्र होताना खेळाचे हक्कही सोबत नेले. २०१८ च्या 'हिटमॅन २' मध्ये मुंबईचा एक संपूर्ण टप्पा आहे. कारागीर आणि हक्क एकत्र राहिल्यास काय साधते, याचे हे उदाहरण म्हणता येईल.

भारतीय खेळाडूंना या प्रकारच्या बदलाचा जवळून परिचय झाला तो 'पबजी मोबाइल'मुळे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. त्यानंतर मूळ हक्कधारक असलेल्या दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने भारतातील प्रकाशन चिनी टेन्सेंटकडून स्वतःकडे घेतले आणि जुलै २०२१ मध्ये 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने खेळ पुन्हा आणला. येथे नाव आणि प्रकाशक बदलले, खेळ मात्र खेळाडूंना ओळखीचाच राहिला.

हस्तांतरात काय हरवते?

खेळाची चित्रे आणि आज्ञावली एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठविणे सोपे असते. अमुक उडीला नेमका तेवढाच वेळ का दिला, अमुक ठिकाणी खेळाडूला मुद्दाम का अडखळविले, ही जाण मात्र माणसांच्या डोक्यात असते. ती लिहून ठेवली नसेल, तर नव्या चमूला तो शोध पहिल्यापासून घ्यावा लागतो.

खुद्द मेकनरच्या मूळ सोर्स कोडचीच गोष्ट बोलकी आहे. अनेक वर्षे तो हरवल्याचे मानले जात होते. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातील एका खोक्यात जुन्या फ्लॉपी सापडल्या. त्यांतील मजकूर जाणकारांच्या मदतीने वाचता आला आणि मेकनरने तो सर्वांसाठी खुला केला. निर्मितीच्या काळातील त्याच्या रोजनिशीही प्रकाशित झाल्या आहेत. त्यामुळे १९८९ चा हा खेळ कसा घडला, हे आजचा विद्यार्थी टप्प्याटप्प्याने अभ्यासू शकतो.

कायदा काय सांगतो?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाची आज्ञावली ही साहित्यकृती मानली जाते. वेगळा करार नसेल, तर नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला हक्कधारक मालक असतो, असे कलम १७ सांगते. म्हणजेच स्टुडिओत पगारावर लिहिलेल्या खेळावर लिहिणाऱ्याचा आपोआप हक्क राहत नाही. स्वतंत्रपणे केलेल्या कामाचे हक्क दुसऱ्याला द्यायचे असल्यास कलम १९ प्रमाणे लेखी आणि स्वाक्षरी केलेला करार आवश्यक असतो. करारात मुदत नमूद नसेल, तर ती पाच वर्षे समजली जाते. प्रदेश नमूद नसेल, तर तो भारतापुरता मानला जातो. खेळाच्या नावाचे संरक्षण १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली करता येते. निव्वळ कल्पनेवर मात्र कोणालाच मक्तेदारी मिळत नाही. भिंतीवरून धावणारा नायक कोणीही घडवू शकतो, फक्त तो 'प्रिन्स ऑफ पर्शिया' म्हणून विकता येत नाही.

वऱ्हाडातील विद्यार्थ्यांपुढचा प्रश्न

अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ पासून आणि बडनेरा येथील राम मेघे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून अभियंते घडवीत आहे. वऱ्हाडातील या व अशा महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्यांसाठी ॲनिमेशन आणि गेमिंग हे आता छंदापुरते क्षेत्र उरलेले नाही. केंद्र सरकारने २०२२ च्या अर्थसंकल्पात या क्षेत्रासाठी कृतिदल नेमण्याची घोषणा केली, तर महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतंत्र धोरणास मंजुरी दिली. नोकऱ्या वाढतील, परदेशी कंपन्यांची कामेही येतील. त्यांतून शिकायला मिळते आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु पुण्याच्या चमूने जे दोन वर्षांहून अधिक काळ घडविले, ते खेळाडूंपर्यंत कधीच पोहोचले नाही आणि ते पोहोचवायचे की नाही, हा निर्णयही त्यांच्या हाती नव्हता. मेकनरने १९८९ चा खेळ अपुऱ्या यंत्रावर, बहुतांशी एकट्याने केला. पण हक्क राखल्यामुळे सुमारे बारा वर्षांनी जगातील मोठ्या कंपनीला त्याच्याकडे यावे लागले. एक छोटा खेळ, त्याची स्वतःच्या नावाने झालेली नोंद, सुबकपणे जतन केलेला सोर्स कोड आणि स्वाक्षरीपूर्वी नीट वाचलेला करार, एवढी सामग्री अमरावती किंवा अकोल्यात बसूनही जमविता येते. नोकरी पुण्यात केली, तरी तिला अडसर येण्याचे कारण नाही. मात्र नियुक्तिपत्रातील हक्कांविषयीचे कलम आधी वाचलेले असावे.